कांबळेसर आणि एकसारखी बटणं

कांबळेसरांची आणि माझी ओळख एका दारानं करून दिली. आणीबाणी उठली त्या वर्षी मी बेळगावच्या एका कॉलेजात मानसशास्त्राची ज्युनियर लेक्चरर म्हणून रुजू झाले. गुंजीच्या शेतकऱ्याची पोर मी, अंगावर नवी साडी, खांद्याला नवी पर्स. स्टाफरूमच्या दाराला चांगली जाडजूड पितळी मूठ होती. मी ती धरून ओढली. दार हलेना. पुन्हा ओढली. मग आजूबाजूला कुणी नाही असं बघून दोन्ही हातांनी ओढली, तेव्हा आतून आवाज आला.

"ढकला, बाई, ढकला. लाजू नका, तुमची चूक न्हाय. मूठ दिसली की माणूस वडणारच!"

आत गेले तर दाराच्या बरोब्बर समोर खुर्ची टाकून एक ठेंगणे, सावळे गृहस्थ बशीतून चहा पीत बसले होते. मला बघून त्यांना मनापासून आनंद झालेला दिसत होता. माझ्या येण्याचा नव्हे, माझ्या ओढण्याचा. "प्राचार्यबी अजून वडत्यात," ते म्हणाले, "आणि ते तर कॉलेज निघाल्यापासून हितं हैत." हेच माझे विभागप्रमुख. आमचा विभाग म्हणजे सर, मी आणि एक कपाट. त्यातल्या कपाटाला किल्ली नव्हती.

त्या मुठीसाठी सर दरवर्षी अर्ज द्यायचे. शेवटी कॉलेजनं मनावर घेतलं आणि दारावर 'ढकला' असा बोर्ड लावायचं ठरवलं. आता बेळगावात बोर्ड लावायचा म्हणजे काय खायचं काम आहे? कन्नड वर की मराठी वर, यावर बैठक बसली. इंग्रजी वर घालून दोन्ही खाली घाला म्हटलं, तर खाली डावीकडे कोण, हा प्रश्न आला. एरवी एकमेकांच्या डब्यातली चटणी चाटूनपुसून खाणारे मराठीचे आणि कन्नडचे प्राध्यापक महिनाभर बोलेनासे झाले. सर उठून म्हणाले, "ज्या दारावर 'ढकला' म्हणून लिवावं लागतंय ते दार नापास. मूठ काढा आणि तिथं पितळंची सपाट पट्टी ठोका. पट्टी दिसली की हात आपसूक ढकलतोय. पट्टीला भाषा नसती." यात दुसऱ्या बाजूचा काहीतरी डाव असणार, असं दोन्ही बाजूंना वाटलं. मूठ राहिली, बोर्ड लागला नाही, आणि आम्ही सगळे आपापल्या मातृभाषेत दार ओढत राहिलो.

मानसशास्त्र म्हटलं की पोरांना स्वप्नं, वेड, फार तर संमोहन आठवतं. सर शिकवायचे ते डोळ्याचं, कानाचं, हाताचं आणि लक्षाचं. माणसाला दिसतं काय, तो धरतो काय, आणि घोटाळा कुठं होतो. त्यांचं सगळं ज्ञान एका वाक्यात मावायचं: चूक झाली की आधी वस्तूकडं बघा, मग माणसाकडं. कुणाच्या घरी गेले की यजमानाच्या आधी स्विचबोर्डाची विचारपूस. स्वयंपाकघरात रॉकेलची आणि गोड्या तेलाची बाटली एकसारखी दिसली की स्वतःच्या खिशातला रबर काढून एकीच्या गळ्यात अडकवणार. आमच्या घरी त्यांनी माझ्या नवऱ्याला औषधाच्या बाटल्यांवरून असं काही झापलं, की तो बिचारा आठवडाभर खोकल्याचं औषध मला विचारून घेत होता.

पोरांनी याचा फायदा उठवला नसता तर ती पोरं कसली? एकदा खानापूरकडून रेल्वेनं येणारा एक विद्यार्थी तास निम्मा झाल्यावर उगवला आणि सरांचंच शस्त्र सरांवर उपसून म्हणाला, "सर, चूक माझी न्हाय. गाडीची हाय." वर्ग खदखदला. सर मात्र गंभीर झाले. त्यांनी त्याला पुढं बोलावलं आणि विचारायला लागले. घड्याळ कुठल्या भिंतीला? अंथरुणातनं काटे दिसतात का? गजर आहे? गजराचं बटण कुठल्या अंगाला? घरापासून स्टेशनला वाट कुठली? पोरगा घामाघूम झाला. शेवटी हात जोडून म्हणाला, "सर, गाडी टायमात आलती. मीच झोपलतो."

"हां. मग ही चूक तुझी. बस जाग्यावर," सर म्हणाले. तासानंतर मला म्हणाले, "बाई, वस्तू तपासल्याबिगर माणसाला धरू नये. आन् तपासल्यावर सोडूबी नये."

आमच्या कपाटातली उपकरणं सरांनी वडगावच्या सुताराकडून करून घेतलेली होती. पण त्यांचा खरा लाडका होता एक चष्मा. खडेबाजारातल्या चष्मेवाल्याच्या मागं लागून त्यांनी तिरक्या काचा बसवून घेतल्या होत्या. तो डोळ्यावर चढवला की सगळं जग वीतभर उजवीकडे सरकलेलं दिसायचं. काही वेळानं हाताला सवय होते आणि माणूस बरोबर पकडायला लागतो. चष्मा काढला की मग उलटा, डावीकडे चुकायला लागतो. हे पुस्तकात वाचून सरांचं समाधान होईना. शनिवार-रविवार त्यांनी तो घरात घातला.

घरात सर आणि त्यांची आई, दोघंच. लग्नाचं राहून गेलं होतं. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत आणि नंतर लोकांच्या शेतांत राबून या माउलीनं पोराला एम. ए. केलेलं. तिनं ताट वाढलं आणि सरांनी ताटाच्या शेजारची जमीन कुस्करून तोंडाकडे नेली. आईनं मला हे पुढं कितीतरी वेळा सांगितलं आणि दरवेळी तेवढीच हसली. "आगं, चष्मा लावून आंधळा झालेला मानूस म्या पैल्यांदा बघितला! लोकं दिसंना म्हणून चष्मा घेत्यात, ह्यो दिसू नये म्हणून घेतोय. आन् ह्येचा सरकार पगार देतंय!"

सोमवारी आमच्या विभागाच्या मंडळाचं उद्घाटन होतं. संस्थेचे चेअरमन पाहुणे. चेअरमन पेशानं वकील, अंगानं भरदार, आणि आपला मान कुठं किती इंचानं कमी झाला याचा त्यांना पक्का हिशेब. सर चष्मा घालूनच व्यासपीठावर चढले. पोरांना प्रयोग समजावून सांगितला, मोठ्या झोकात चष्मा काढला, आणि हार घेऊन चेअरमनसाहेबांकडे वळले. हार त्यांच्या उजव्या कानाला अडकला. सरांनी दुरुस्ती करायला म्हणून पुन्हा उचलला तो खांद्यावरून घरंगळून मागच्या खुर्चीवर पडला. पोरं बाकं बडवायला लागली. "बघा, बघा! हीच ती उलटी चूक!" सर आनंदानं ओरडले. चेअरमनसाहेबांनी ते काही शास्त्र म्हणून घेतलं नाही.

हे सगळं मी हसत हसत सांगते आहे, पण यल्लाप्पाच्या वेळी माझं हसू पळालं होतं.

यल्लाप्पा आमचा शिपाई. जवळच्या मच्छे गावाहून सायकलीवर यायचा. घरची भाषा कन्नड, पण मराठी आमच्यापेक्षा जोरात बोलायचा. तीन पोरींचा बाप, वर्षानुवर्षं तात्पुरता, आणि त्या जूनमध्ये कायम होणार म्हणून आदल्या दिवाळीपासूनच पेढ्यांच्या गप्पा मारत होता. त्या वर्षी कॉलेजात लोखंडी टोल जाऊन विजेची घंटा आली. ऑफिसच्या दाराबाहेर एकच काळा बोर्ड, त्यावर ओळीनं एकसारखी काळी बटणं. व्हरांड्याचा दिवा, पाण्याची मोटर, घंटा, ऑफिसातला पंखा. वायरमननं जवळची वायर जवळच्या बटणाला जोडली आणि तो निघून गेला.

एप्रिलमध्ये युनिव्हर्सिटीची परीक्षा. नियम असा की एक घंटा म्हणजे इशारा, दोन म्हणजे पेपर खलास. पेपर रंगात आलेला, टाकीतलं पाणी संपलं, "यल्लाप्पा, मोटर!" म्हणून कुणीतरी ओरडलं. तो धावत आला आणि त्यानं घंटेचं बटण दाबलं. घंटा ठणाणली तसा घाबरून बंद केलं, मोटरचं शोधायला गेला आणि घाईत परत तेच दाबलं. झाल्या दोन. सगळ्या हॉलमधल्या सुपरवायझरांनी पोरांच्या हातांतून पेपर हिसकावले. खरा प्रकार कळेपर्यंत अर्धी पोरं गेटाबाहेर जाऊन एकमेकांची उत्तरं ताडून बघत होती. मग पालक, मोर्चा, धारवाडच्या युनिव्हर्सिटीकडून विचारणा, सगळं यथासांग झालं.

यल्लाप्पाला घरी बसवलं. तो प्यायलेला होता, असंही कुणी कुणी म्हणायला लागलं. तो माळकरी माणूस, चहासुद्धा अर्धाच घ्यायचा. सरांसमोर येऊन रडला. "हात गेलं सर. मी न्हाय गेलो, हातच गेलं."

कॉलेज पुन्हा सुरू झाल्यावर चौकशी घ्यायची ठरली. चौकशीला चेअरमन आणि प्राचार्य. सरांनी अर्ज दिला की मला बोलू द्या. प्राचार्य भले गृहस्थ, त्यांनी सरांना बाजूला घेऊन सांगितलं, "कांबळे, तुमच्या बढतीचा कागद साहेबांच्याच टेबलावर आहे. हार अजून विसरले नाहीत ते. कशाला यात पडता?"

मीही त्याच मताची होते. आदल्या संध्याकाळी वडगावात त्यांच्या घरी जाऊन तेच बोलले. दोन्ही बाजूंना विणकरांच्या मागांचा खडखडाट, त्यामुळे त्या गल्लीत समजूत घालायची तरी ओरडूनच घालावी लागते. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तुमाला एक सांगतो. मी सात-आठ वर्साचा असंन. आई वखारीत हुती. चांगला माल आन् काडीकचरा, दोनी एकाच जातीच्या पोत्यांत, शेजारीशेजारी ठेवलेलं. दिवस मावळताना आईनं चांगल्या मालाचं पोतं कचऱ्याच्या ढिगावर वतलं. मुकादमानं सगळ्या बायास्नी गोळा केलं आन् आईला म्हटलं, आता दाव, चांगलं कुठलं आन् कचरा कुठला. आईनं बघून बरोबर दावलं. परत इचारलं, परत बरोबर. तवा मुकादम म्हटला, म्हंजे तुला कळतंय. मग मगाशी मुद्दाम केलंस. आन् काढून टाकलं. मुद्दाम नुकसान करणारी बाई म्हणून नाव झालं. निपाणीतल्या कुठल्या वखारीनं परत दारात उभी केली न्हाय."

आतून चुलीपाशी बसलेल्या आईचा आवाज आला. "मुकादमाचं काय चुकलं त्यात? चूक माझीच हुती. डोळं हुतं की मला!"

सर माझ्याकडे बघून हसले. ते हसू मला बघवलं नाही. "बी. ए. झालो तवा समजावलं, एम. ए. झालो तवा समजावलं," ते म्हणाले. "फळ्यावर आकृत्या काढून झाल्या. सगळी युनिव्हर्सिटी पास करतीया, आई पास करत न्हाय."

चौकशीच्या दिवशी पावसानं ओढ दिलेली, आणि उकाडा असा की कागदसुद्धा हाताला चिकटत होते. तास चालू होते. सरांनी चेअरमनसाहेबांना विनंती केली की बोलण्याआधी बोर्डापाशी चला आणि मोटर चालू करून दाखवा. त्यांचा हिशेब सरळ होता. बटणं एकसारखी, साहेब चुकणार, आणि यल्लाप्पा सुटणार. मी मनातल्या मनात आमच्या ग्रामदेवतेला नारळ बोलले.

साहेब बोर्डापुढं उभे राहिले. कुठलं कशाचं ते प्राचार्यांना विचारून घेतलं. चष्मा सावरला, बोट एकेका बटणावरून नेलं आणि मोटर बरोबर चालू केली. मग प्राचार्यांनी केली. बरोबर. मग साहेब म्हणाले, "आता तू." यल्लाप्पानं दाबलं. बरोबर. साहेबांनी त्याला पुन्हा पुन्हा करायला लावलं. दिवा, मोटर, दिवा, मोटर. बिचारा एकदाही चुकला नाही. माणूस बरोबर वागत होता आणि आयुष्यात पहिल्यांदाच आम्हा दोघांना तो चुकावा असं वाटत होतं.

साहेब वळले. "बघितलंत, कांबळे? याला सगळं बरोबर कळतंय. म्हणजे त्या दिवशी यानं मुद्दाम केलं. प्यायलेला असता तर एकवेळ सोडलं असतं."

सरांचा चेहरा उतरला. मी त्यांना वर्गात, बैठकीत, अगदी हार चुकल्यावरसुद्धा कधी गप्प झालेलं पाहिलं नव्हतं. ते भिंतीला टेकून उभे राहिले, आणि त्या क्षणी मला त्यांची भयंकर दया आली आणि त्यांच्या शास्त्राचा रागही आला.

साहेब आत जाऊन खुर्चीत बसले. "घ्या लिहून. बडतर्फीचा मसुदा." प्राचार्यांनी दारातच उभ्या उभ्या कारकुनाला मजकूर सांगायला सुरुवात केली, "सदर इसमाने जाणूनबुजून..."

"जाणूनबुजून नंतर. आधी पंखा लावा हो, जीव चाललाय," साहेब म्हणाले.

"हो हो. जाणूनबुजून आणि संस्थेची बदनामी व्हावी या हेतूने..." प्राचार्य साहेबांकडे बघत बोलत होते, आणि बोलता बोलता त्यांनी हात दाराबाहेर बोर्डाकडे लांबवला.

घंटा ठणाणली.

"अहो बंद करा!" साहेब किंचाळले. प्राचार्यांनी दचकून बंद केली, आणि पंखा लावायचा राहिला म्हणून पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. परीक्षा नसताना दोन घंटा म्हणजे कॉलेज सुटलं. सगळ्या वर्गांतून जी आरोळी उठली ती अजून माझ्या कानांत आहे. बाकं सरकली, जिने धडधडले, सायकलींच्या स्टँडवर एकच गर्दी झाली. कन्नडचे प्राध्यापक हातात खडू घेऊन धावत आले आणि विचारायला लागले, "कोण वारलं?"

प्राचार्य बोर्डापाशी तसेच उभे होते, बोट अजून बटणावर. मला हसू आवरेना म्हणून मी पदर तोंडात कोंबला. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी पुढं होऊन प्राचार्यांचा हात धरला, त्यांना खुर्चीत बसवलं आणि यल्लाप्पाला पाणी आणायला सांगितलं.

"कांबळे, माझं लक्ष नव्हतं हो," प्राचार्य रडवेले होऊन म्हणाले. "मला माहीत आहे पंख्याचं बटण कुठलं ते."

"माहीत हाय की, सर. मगाशी तुमी बरोबरच दाबलं हुतं. बघून दाबताना कोण चुकत न्हाय," सर म्हणाले. "त्येचंबी एवढंच हुतं."

साहेबांनी गेटाबाहेर निघालेल्या पोरांकडे पाहिलं. मग मसुदा उचलला, चार घड्या घातल्या आणि त्यानं वारा घेत म्हणाले, "कामावर घ्या त्याला. आणि हे कुठं बोलायचं नाही." बाहेर सगळं कॉलेज घरी चाललेलं. यल्लाप्पा जूनअखेर कायम झाला. घंटेचं बटण वेगळं आणि लाल करा, ही सरांची सूचना मात्र कुणी ऐकली नाही. उलट बोर्डाला पेटी ठोकून कुलूप घातलं, किल्ली प्राचार्यांकडे दिली, आणि प्राचार्य कामाला धारवाडला गेले त्या दिवशी घंटाच झाली नाही. मी पोरांना दोन तास सलग शिकवलं.

सरांच्या हाताखाली मी पुढं काही वर्षं होते. नंतर नवऱ्याची बदली झाली आणि बेळगाव सुटलं. पण सर आठवले की मला दिसतात ते चौकशीच्या त्या संध्याकाळचे.

त्यांच्याबरोबर मीही घरी गेले होते. वडगावात नेमकी वीज गेलेली, त्यामुळं माग थांबले होते आणि गल्ली कधी नव्हे ती शांत होती. आई उंबऱ्याशी उजेडाला सूप घेऊन तांदूळ निवडत होती. सरांनी चपलासुद्धा न काढता सांगायला सुरुवात केली. आई ऐकत गेली आणि हसत गेली. घंटा वाजली तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं. पोरं पळाली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आगं बाई गं! सगळी घरला? आन् पोरीबी?"

"पोरीबी," सर म्हणाले.

आईनं पदरानं डोळे पुसले. "आन् मग त्या प्राचार्यास्नी काय केलं?"

"काय न्हाय. खुर्चीवर बसवलं. पाणी दिलं."

"काढलं न्हाय?"

"न्हाय."

"बघताना त्येनी बरोबर दाबलं हुतं म्हंतोस?"

"व्हय."

"म्हंजे कळत हुतं त्येस्नी. तरीबी काढलं न्हाय?"

"न्हाय गं आई. त्येंची चूक नव्हती."

आईनं सूप परत मांडीवर घेतलं, पण बोटं तांदळात तशीच राहिली. मला वाटलं, आता नेहमीचं वाक्य येणार. सरांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते चपला काढायला खाली वाकले होते.

"मग मला कशाला काढलं रं?" आई म्हणाली.

सर वाकलेले तसेच राहिले. मग हळूच तिच्यासमोर जमिनीवर बसले. एका पायात चप्पल होती, एक पाय मोकळा. तिथं आपलं काही काम नाही हे कळलं, म्हणून मी निघाले. वळणावर मागं पाहिलं तर सर तिच्या गुडघ्यावर हात ठेवून बसले होते, आणि आई आता सरांकडे बघतही नव्हती. ती रस्त्याकडे तोंड करून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत होती, "सांग की! मला कशाला काढलं?"